गोटुल बांधायचे तर : लाकूड, बांबू आणि पाणी

सूरजागडच्या डोंगराभोवती माडिया गोंडांची जी गावे आहेत, त्यांत गोटुल ही सगळ्या गावाची वास्तू. गावाची बैठक तिथे बसते, पाहुणा तिथे उतरतो. आता पुष्कळ ठिकाणी सिमेंटचे, पत्र्याच्या छपराचे समाजमंदिर उभे राहते आणि मे महिन्याच्या दुपारी त्यात बसवत नाही. लाकूड, बांबू, माती आणि कवेलूची वास्तू या हवेला अधिक मानवते, आणि बिघडली तर गावातल्याच हातांनी दुरुस्त होते. मात्र ती टिकवायची तर कामे क्रमाने आणि वेळेवर करावी लागतात.

पहिले काम कागदाचे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने गोटुल बांधले, तेव्हा साग वापरला म्हणून वनखात्याने ते मोडले होते. लोकांनी ते पुन्हा उभारले. त्याच मेंढ्याला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. आपल्या गावाला हा हक्क मिळाला असेल तर बांबू ग्रामसभेच्या ठरावाने काढता येतो, कारण वनहक्क कायद्यात तो गौण वनोपज, म्हणजे लाकडाखेरीजची जंगलाची पैदास, आहे. साग त्यात येत नाही. तो निस्तारातून, म्हणजे गावाच्या घरगुती गरजेच्या वाट्यातून, किंवा डेपोतूनच घ्यावा आणि पावती, परवाना जपून ठेवावा. जागा वनजमिनीवर असेल तर २००६ च्या या कायद्याचे कलम ३(२) पाहा : ग्रामसभेच्या शिफारशीने समाजकेंद्रासाठी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन मिळू शकते, आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडता येत नाहीत. बहुतेक घोटाळे तोंडी ठरावामुळे होतात. ठराव लिहून, सह्या घेऊनच पुढे जावे.

खांबांसाठी साग किंवा येन घ्या. ओंडका कापला की बाहेरचा फिकट थर आणि आतला गडद गाभा वेगळा दिसतो. वाळवी, म्हणजे उधई, आधी फिकट थरच खाते. सागाचा गाभा मात्र तिला फारसा रुचत नाही. म्हणून कोवळी, बारीक बल्ली सागाची असली तरी तिच्यावर विसंबू नये. तिच्यात गाभा थोडाच असतो. मोहाला मात्र हात लावू नये. फुलांचे झाड खांबासाठी पाडणे मला पटत नाही.

लाकूड ओले असताना जोडले तर वाळताना ते आकसते, पिळवटते आणि सांधे उघडतात. फळ्या, तुळया सावलीत, जमिनीपासून वर, मधे पट्ट्या घालून रचाव्यात, म्हणजे चारी बाजूंनी वारा लागेल. इंचभर जाडीला साधारण एक वर्ष हा जुना हिशेब आहे. एवढा वेळ नसेल तर निदान एक उन्हाळा पुरता जाऊ द्यावा. टोकांना रंग किंवा डांबर फासले तर चिरा कमी पडतात.

आता बांबू. इथे मानवेल आणि कटांग असे दोन बांबू मिळतात. मानवेल भरीव असल्याने वाशांना उत्तम. तीन वर्षांवरचाच बांबू घ्यावा. कोवळा बांबू हिरवागार असतो, त्यावर पांढरी भुकटी आणि बुडाशी पोय चिकटलेली दिसते. पक्का बांबू मळकट होतो, अंगावर करडे डाग येतात आणि ठोकला तर टणक वाजतो. तोड पावसाळा सरल्यावर, थंडीत करावी. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे नवे कोंब, वाढवण्यात बेटाचा पिठूळ साठा खर्च होतो, आणि भुंग्याला खायला तेच पीठ हवे असते. उन्हाळ्यात घाईने तोडलेला बांबू वर्षभरात पिवळी भुकटी गाळू लागतो, ती याच भुंग्याची.

तोडलेला बांबू औषधात भिजवायलाच हवा. टाकीत १०० लिटर पाण्यात ३ किलो टाकणखार आणि २ किलो बोरिक ॲसिड विरघळवा. लोखंडी सळीने बांबूच्या आतल्या गाठी फोडा, नाहीतर पोकळीत पाणी शिरत नाही आणि सगळी मेहनत वरवरची ठरते. मग वर दगड ठेवून आठवडाभर पूर्ण बुडवून ठेवा आणि सावलीत उभे करून वाळवा. हातमोजे घाला, टाकीजवळ गुरे येऊ देऊ नका, उरलेले पाणी नाल्यात सोडू नका. ही मात्रा पावसात धुऊन जाते, त्यामुळे असा बांबू छपराखालीच वापरावा.

सर्वांत जास्त चूक खांबाच्या बुडाशी होते. जुन्या रीतीने दोबेळक्याचा खांब सरळ खड्ड्यात रोवतात. खांब कुजतो तो जमिनीच्या रेषेवर, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथे एकत्र भेटतात. खाली खोल पुरलेला भाग उलट बरा राहतो. पुष्कळ जण खांबाभोवती सिमेंट ओततात. त्याने नुकसानच होते. सिमेंट आणि लाकूड यांच्यातल्या फटीत पाणी अडकते आणि वाळायला वाट उरत नाही. त्यापेक्षा दगडी जोते दीड-दोन फूट उंच घ्या, त्यात पक्का दगड बसवा आणि खांब लोखंडी पट्टीने त्यावर टेकवा. आता तो जमिनीत रुतलेला नाही, म्हणून वाऱ्यात डोलू नये यासाठी खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके आधार द्यावेच लागतात. हे आधार विसरले की पहिल्या वादळात सांगाडा कलतो.

सांध्यात बांबूला खिळा मारू नका, तो उभा फाटतो. गिरमिटाने भोक पाडून बोल्ट घाला, शक्यतो गाठीजवळ.

कुड कमच्यांचा विणा, दोन्ही बाजूंनी माती, भुसा आणि शेणाचा गिलावा द्या. गिलावा जोत्यावरच थांबवा, जमिनीला टेकवू नका. टेकला की त्याच्या आडून वाळवी दिसेनाशी चढते.

छपराला उतार चांगला तीव्र ठेवा आणि वळचण भिंतीपुढे तीन फूट तरी काढा. भामरागडचा रस्ता पर्लकोटा नदीच्या पुराने बंद पडतो अशा भागात आपण बांधतो आहोत. पाऊस आडवा येतो आणि तोकडी वळचण मातीची भिंत एका हंगामात धुऊन टाकते. कवेलूखाली वाशांवर बांबूची ताटी बसवा आणि वासे तुळईला घट्ट बांधा.

दर मे महिन्यात फुटलेली कवेलू बदला. खांबाच्या बुडाशी चाकूचे टोक रुतवून पाहा. मऊ लागले तर तो भाग कापून नवा तुकडा जोडा. जोत्यावर मातीच्या बोगद्यांच्या रेघा दिसल्या की खरवडून टाका, ती वाळवीची वाट असते. आणि बांधकामाच्या वेळीच टाकीत दहा-बारा बांबू जास्तीचे भिजवून वर आढ्याशी अडकवून ठेवा. वासा बदलायची वेळ ऐन पावसाळ्यात आली तर तेव्हा ताजा बांबू तोडावा लागणार नाही.