सूर्यग्रहणांचे स्मृतिदिन, महाराष्ट्रातील
ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात १८ ऑगस्ट १८६८ व २२ जानेवारी १८९८ या दिवशीची खग्रास सूर्यग्रहणे महत्त्वाची असून दोहोंचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर १८ ऑगस्ट हा ‘हीलियम दिन’ म्हणून साजरा केला जातो. तथापि या दोन ग्रहणांच्या घटना लोकस्मृतीत पुष्कळदा एकत्र मिसळल्या जातात.

१८६८ च्या ग्रहणाचे वेध प्येर झांसेन यांनी गुंतूर येथे, जॉन हर्शेल यांनी जमखंडी येथे, तर मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन यांनी मच्छलीपट्टण येथे घेतले. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा आढळल्या, म्हणजे या ज्वाला तप्त वायूच्या आहेत हे सिद्ध झाले. त्या रेषा ग्रहणाविनाही दिसू शकतील, हे ओळखून झांसेन यांनी दुसऱ्याच दिवशी तसे वेध घेतले. नॉर्मन लॉकयर यांनी २० ऑक्टोबर रोजी इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे हेच साधले. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे २६ ऑक्टोबर १८६८ या एकाच दिवशी आली. वर्णपटातील पिवळी रेषा सोडियमाच्या रेषांशी जुळत नाही, असे दिसल्यावरून लॉकयर यांनी ती एका अज्ञात मूलद्रव्याची मानली व त्यास सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून ‘हीलियम’ हे नाव रूढ झाले. विल्यम रॅम्झी यांना १८९५ मध्ये क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजात हा वायू मिळाला.

लॉकयर विजयदुर्गास आले ते १८९८ च्या ग्रहणासाठी. ब्रिटिश युद्धनौका ‘मेल्पोमिनी’वरील खलाशांच्या मदतीने त्यांनी किल्ल्यावर उपकरणे उभारली. तेथील ओटे ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जातात. तेव्हा हीलियम पृथ्वीवर सापडून सुमारे तीन वर्षे झाली होती. म्हणून त्याचा शोध विजयदुर्गास लागला, हा समज निराधार ठरतो.

त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात रेल्वेमार्गावर असलेल्या जेऊर येथे सुमारे दोन मिनिटांची खग्रास स्थिती होती. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तेथे वेध घेतले. त्यांचा अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या विल्यम कॅम्पबेल यांनी तेथेच सुमारे १२ मी. केंद्रांतराच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या किरीटाची छायाचित्रे घेतली. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या नगर तालुक्यातील जेऊर बायजाबाईचे हे गाव यापासून वेगळे आहे. नामसाम्यामुळे वेधस्थळाविषयी गफलत होऊ नये.

पुण्याची ही वेधशाळा १९१२ मध्ये बंद होऊन तिची मोठी दुर्बीण कोडईकनाल येथे गेली. परदेशी मोहिमांच्या तोडीचे वेध घेणाऱ्या या भारतीय ज्योतिर्विदाचे स्मरण मात्र हीलियम दिनाच्या तुलनेने फारच थोडे होते. २२ जानेवारी हा दिवस त्यासाठी योग्य ठरतो.