मोटारीच्या वाटेवरची नदी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे गेलेली मराठी दांपत्ये आता केवळ नायगारा आणि डिस्नेलँड पाहून परत येत नाहीत. भाड्याची मोटार घेऊन दोघांनीच पश्चिमेकडील राष्ट्रीय उद्याने हिंडण्याचा बेतही आखला जातो. लॉस एंजेलिसहून निघून लास वेगास, झायन, ब्राइस कॅन्यन, पेज, ग्रँड कॅन्यन आणि फिनिक्स असा फेरा पूर्ण करून परतायचे म्हटले, तर सुमारे २,३०० किलोमीटरचा प्रवास होतो. वाटेत कधी झगमगते शहर लागते, तर कधी तांबड्या खडकांचे कडे. वरवर पाहता या ठिकाणांचा एकमेकांशी काहीही संबंध दिसत नाही. प्रत्यक्षात मात्र या साऱ्यांना बांधणारा एक धागा आहे. तो म्हणजे कोलोरॅडो नदी.

रॉकी पर्वतात उगम पावणारी ही नदी सुमारे २,३३० किलोमीटर लांब आहे. अमेरिकेतील सात राज्ये आणि मेक्सिको मिळून जवळजवळ चार कोटी लोक तिच्या पाण्यावर अवलंबून आहेत. वाटेत इतके पाणी उचलले जाते, की गेली कित्येक दशके ती क्वचितच समुद्रापर्यंत पोहोचते. नदीपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या दक्षिण कॅलिफोर्नियातही १९४१ पासून कालव्याने तिचे पाणी पोहोचते आहे. म्हणजे लॉस एंजेलिसमध्ये प्रवासासाठी भरून घेतलेल्या बाटलीतही तिचा काही अंश असू शकतो.

पहिल्या दिवशी मोहावी वाळवंट ओलांडून सुमारे ४३० किलोमीटरवरचे लास वेगास येते. येथे वर्षभरात जेमतेम दहा सेंटिमीटर पाऊस पडतो. शहराचे सुमारे ९० टक्के पाणी कोलोरॅडोवरील लेक मीड या जलाशयातून येते. १९३० च्या दशकात बांधलेल्या २२१ मीटर उंचीच्या हूवर धरणामुळे हा जलाशय निर्माण झाला. धरणावर उभे राहिले, की काठच्या खडकांवर एक रुंद पांढरा पट्टा दिसतो. पूर्वी पाणी कुठवर होते, याची ती खूण आहे. जुलै २०२२ मध्ये या जलाशयात क्षमतेच्या जेमतेम २७ टक्के पाणी उरले होते. धरण भरल्यापासूनची ती नीचांकी पातळी होती.

हे पाहून कारंज्यांच्या लास वेगासला दोष देण्याचा मोह होतो; पण तो अन्यायाचा ठरेल. नदीच्या खालच्या खोऱ्यातील तीन राज्यांना मिळालेल्या पाण्यापैकी नेवाडाचा वाटा केवळ चार टक्के आहे. घराघरांतील सांडपाणी शुद्ध करून हे शहर पुन्हा जलाशयात सोडते. निव्वळ शोभेची हिरवळ काढून टाकण्याचा कायदाही या राज्याने २०२१ मध्ये केला. नदीचे सर्वाधिक पाणी जाते ते शेतीला, त्यातही मोठ्या प्रमाणावर गुरांच्या चाऱ्याला.

पुढची तीन उद्याने हा एकाच जिन्याचा भाग आहे. भूशास्त्रज्ञ त्याला ‘ग्रँड स्टेअरकेस’ म्हणतात. ब्राइसच्या तळाशी असलेला खडकाचा थर झायनच्या माथ्यावर दिसतो आणि झायनच्या तळचा थर ग्रँड कॅन्यनच्या माथ्यावर. ब्राइसहून ग्रँड कॅन्यनकडे जाताना आपण भूतकाळाच्या पायऱ्याच उतरत असतो. ब्राइसचे सुळके घडवले ते रात्री गोठणाऱ्या आणि दिवसा वितळणाऱ्या पाण्याने. झायनची दरी कोरली ती कोलोरॅडोची उपनदी व्हर्जिन हिने. ग्रँड कॅन्यन तर खुद्द कोलोरॅडोची, गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांतील करणी आहे. ही दरी ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. तिच्यातील शिखरांना विष्णू, ब्रह्मा, शिव अशी नावे पाहून मराठी प्रवासी चकित होतो. पौर्वात्य दैवतांची नावे देण्याची ही प्रथा एकोणिसाव्या शतकात भूशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन यांनी पाडली. दरीच्या तळाशी असलेल्या सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकालाही विष्णूचेच नाव आहे.

मग पाणी कमी का पडले? १९२२ मध्ये सात राज्यांनी करार करून नदी वाटून घेतली. पण त्यासाठी धरलेला हिशेब भरपूर पावसाच्या वर्षांचा होता. नदीत नेहमी असते त्याहून अधिक पाणी कागदावर वाटले गेले. १८६९ मध्ये होडीतून ही दरी पार करणारे जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८९३ मध्येच, लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत, एवढ्या जमिनीला पुरेल इतके पाणी येथे नाही, असे बजावले होते. श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. पेजजवळच्या धरणामागे अडवलेल्या जलाशयाला आज त्यांचेच नाव आहे, लेक पॉवेल! २००० नंतरच्या दीर्घ अवर्षणाने आणि वाढत्या उष्णतेने ही तूट उघडी पाडली. २०२१ मध्ये नदीवर प्रथमच अधिकृत पाणीटंचाई जाहीर झाली.

या प्रवासाला निघणाऱ्या दोघांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नकाशावरचे अंतर फसवे असते. ग्रँड कॅन्यनचे दक्षिण व उत्तर काठ सरळ रेषेत सुमारे १६ किलोमीटरवर आहेत. मोटारीने मात्र साडेतीनशे किलोमीटरचा वळसा पडतो. उन्हाळ्यात नेवाडातून युटात शिरताना घड्याळ तासभर पुढे जाते आणि ॲरिझोनात पुन्हा मागे येते. २०२६ पासून परदेशी पर्यटकांना या तिन्ही उद्यानांत प्रत्येकी १०० डॉलर जादा शुल्क आहे. दोघांचे मिळून ते ६०० डॉलर होते. त्याऐवजी २५० डॉलरचा एकच वार्षिक पास मोटारीतील दोघांनाही पुरतो. झायनच्या मुख्य दरीत बहुतेक महिने उद्यानाच्या बसनेच जावे लागते. जुलै ते सप्टेंबर या काळात अरुंद घळींत शिरण्यापूर्वी हवामानाची चौकशी अवश्य करावी. ऑगस्ट १९९७ मध्ये पेजजवळच्या अँटेलोप कॅन्यनमध्ये अकरा पर्यटक अचानक आलेल्या लोंढ्यात प्राणास मुकले. पाऊस पडला होता तो कित्येक किलोमीटर दूर.

फेऱ्याच्या अखेरीस फिनिक्स येते. २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस येथील पारा ४३ अंशांच्या वर गेला होता. तेथेही काही पाणी येते ते सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्याने, त्याच नदीतून. ज्या नदीने दीड किलोमीटरहून खोल खडक कापला, तिला समुद्र गाठणे आज कठीण झाले आहे. फिनिक्सच्या उन्हात दोघांनी घेतलेल्या पाण्याच्या घोटाची खरी किंमत तेथे कळते.