घरातील व्यक्तीच्या निधनानंतर... कोणती नोंद, कोणता लाभ?

(प्रतिनिधी)

घरातील कर्त्या व्यक्तीच्या निधनानंतर दुःखाच्या जोडीने कागदपत्रांची धावपळ सुरू होते. शासकीय साहाय्य अथवा विम्याची रक्कम आपोआप घरी येत नाही. तीसाठी वारसांनाच अर्ज करावा लागतो. माहितीअभावी अनेक कुटुंबे या हक्काला मुकतात.

आधी मृत्यूची नोंद
जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार मृत्यूची नोंद २१ दिवसांत होणे आवश्यक आहे. रुग्णालयातील मृत्यू कळविण्याची जबाबदारी रुग्णालयाची, तर घरी झालेल्या मृत्यूची कुटुंबीयांची असते. गावात ग्रामपंचायत, तर शहरात नगरपालिका वा महापालिका ही नोंद करते. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, तर एक वर्षापर्यंत सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने नोंद होते. वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दाखल्यावरील नाव आधार व बँक पासबुकाशी जुळते का, हे तेव्हाच तपासावे. पुढचे बहुतेक अर्ज याच तफावतीमुळे अडतात.

पासबुक तपासा
मृत व्यक्तीच्या पासबुकात ४३६ रुपयांची वार्षिक वजावट दिसल्यास ती बहुधा प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची असते. यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. २० रुपयांची वजावट सुरक्षा विम्याची असून अपघाती मृत्यूनंतर तितकीच रक्कम देय असते. दोन्हींचा दावा खाते असलेल्या बँकेतच करावा.

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वर्षे वयाच्या कर्त्या व्यक्तीचा मृत्यू झाल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २० हजार रुपयांचे एकरकमी साहाय्य मिळते. घर सांभाळणारी गृहिणीही या योजनेत कर्ती मानली जाते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. हा अर्ज तहसील कार्यालयात द्यावा. निराधार विधवांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्जही तेथेच करता येतो.

मृत व्यक्ती भविष्य निर्वाह निधीची सदस्य असताना नोकरीत असेल, तर साठलेल्या रकमेबरोबरच कमाल सात लाखांपर्यंतचा ठेवसंलग्न विमा आणि कुटुंब निवृत्तिवेतन यांचाही दावा करावा. या निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांच्या सेवेची अट लागू नाही.

कळविणेही तितकेच गरजेचे
मृत व्यक्तीचे निवृत्तिवेतन खात्यात जमा होत असल्यास बँकेला त्वरित कळवावे. मृत्यूनंतर जमा झालेली जादा रक्कम परत घेतली जाते. एटीएम कार्ड घरात आहे म्हणून पैसे काढणे वारसांना अडचणीत आणू शकते. शिधापत्रिका व मतदार यादीतील नाव वगळण्यासाठीही अर्ज करावा. शेतजमीन असल्यास तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीसाठी कळवावे.

नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, हेही लक्षात ठेवावे. शेअरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे नामनिर्देशित व्यक्ती वारसा हक्क डावलू शकत नाही. त्यामुळे रक्कम एकाच्या हाती आली तरी अन्य वारसांचा वाटा कायम राहतो.

मृत्यूच्या दाखल्याच्या किमान पाच-सहा प्रती काढून ठेवाव्यात. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी.