हाडांचे डॉक्टर खासदार झाले, आता कासा रुग्णालयाचे बघा

पालघरचे खासदार डॉ. हेमंत सवरा हाडांचे डॉक्टर आहेत. वडील विष्णू सवरा वाड्याचे, राज्याचे आदिवासी विकास मंत्री आणि जिल्ह्याचे पालकमंत्री होते. म्हणजे राजकारण घरातच. तरी 2019 ला विक्रमगडमधून डॉक्टर विधानसभा हरले. 2024 ला भाजपच्या तिकिटावर लोकसभेला उभे राहिले आणि 1 लाख 83 हजारांहून जास्त मतांनी आले. जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव. ही वाट संविधानाने दिली, हे आपल्या घरात कुणाला सांगायला नको.

आम्ही त्यांच्या पक्षाचे नाही. पण चारोटीला हाडांच्या डॉक्टरची गरज काय असते, ते आम्हाला माहीत आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग इथूनच जातो. 4 सप्टेंबर 2022 ला सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली. मागच्या सीटवरचे दोघेही गेले, त्यांनी पट्टा लावला नव्हता. मृतदेह कासा रुग्णालयात आणले, जखमींना वापीला हलवले. त्याची देशभर बातमी झाली. रस्ता ओलांडताना आपली मजूर बाई उडवली जाते, तिची होत नाही.

मांडीचे हाड मोडले की आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त जाऊ शकते, बाहेर थेंब दिसत नाही. अशा माणसाला "पुढे न्या" म्हणणे म्हणजे काय, हे खासदारांना नर्सने शिकवायला नको. वापी, वलसाड, सिल्वासा. गाडीभाडे कोण देणार?

म्हणून ते भेटले की हार घालण्याआधी विचारा : कासा येथे रात्री हाडांचा डॉक्टर, भूल देणारा डॉक्टर आणि रक्त, तिन्ही एकाच वेळी मिळतात का? जिल्ह्याच्या 'दिशा' समितीचे अध्यक्षपद खासदाराकडे असते, राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा आढावा तिथे होतो. शिवाय वर्षाला 5 कोटींचा खासदार निधी असतो, त्यातून सरकारी दवाखान्याला रुग्णवाहिका घेता येते. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

तोवर अपघात दिसला तर 108 लावा. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, मान हलवू नका, पाणी पाजू नका. आणि पोलिसांना घाबरू नका. 2019 च्या कायदा दुरुस्तीनुसार मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही.