बिस्किटाला फुगवतं कोण?

ओव्हन 230 अंश सेल्सिअसवर तापलेला असतो. आत जेमतेम पाऊण इंच जाडीच्या, पांढऱ्या, कच्च्या चकत्या एकमेकींना खेटून मांडलेल्या असतात. पहिली काही मिनिटं फारसं काही घडत नाही. मग चकती वर उचलली जाऊ लागते, तिच्या अंगावर आडव्या भेगा पडतात, भेगांतून पदर दिसू लागतात आणि बारा-पंधरा मिनिटांत ती दुप्पट उंच होऊन माथ्यावर सोनेरी होते. या पिठात यीस्ट नाही, अंडं नाही. ते रात्रभर आंबवलेलंही नाही. अर्ध्या तासापूर्वी तो डब्यातला कोरडा मैदा होता. मग त्याला उचललं कुणी?

हा पदार्थ अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतला. व्हर्जिनिया, टेनेसी, केंटकी, जॉर्जिया, अलाबामा या भागांत न्याहारीचं बिस्कीट म्हणजे हेच. आपण चहात बुडवतो त्या कुरकुरीत बिस्किटापेक्षा ते अगदी वेगळं असतं. ते मऊ असतं, गरम असतानाच हातानं मधोमध उकलायचं आणि लोणी लावून खायचं. सामग्री म्हणावी तर मैदा, लोणी किंवा डुकराची चरबी, ताक, मीठ आणि थोडी पावडर. एवढ्याशा सामग्रीतून हा हलकेपणा येतो कुठून, याचा माग काढायला लागलं की वाट लाकडाच्या राखेतून, हाडांच्या भट्टीतून, गव्हाच्या शेतांतून फिरते. तिची सुरुवात मात्र माणसाच्या दंडापासून होते.

खायचा सोडा दुकानात मिळू लागण्यापूर्वी पिठात हवा कोंडण्याचा एक मार्ग होता तो म्हणजे पीठ बडवणं. मेरी रँडॉल्फ यांच्या 1824 सालच्या ‘द व्हर्जिनिया हाउस-वाइफ’ या पाकपुस्तकात अशी एक कृती आहे. तिच्यात मळलेला गोळा अर्धा तास मुसळानं कुटायला सांगितलाय. पुढे ‘बीटन बिस्किट’ म्हणून हाच प्रकार गाजला. झाडाच्या बुंध्यावर किंवा भक्कम टेबलावर पीठ ठेवायचं, लाकडी हातोड्यानं किंवा कुऱ्हाडीच्या दांड्यानं ते सपाट होईतो बडवायचं, घडी घालायची, पुन्हा बडवायचं. प्रत्येक घडीत हवेचा पातळ थर अडकतो. पीठ गुळगुळीत होऊन त्यावर फोड येऊ लागले की काम झालं. घरच्यांसाठी दोन-तीनशे ठोके आणि पाहुण्यांसाठी पाचशे, असा हिशेब सांगितला जाई.

हे ठोके घालत कोण होतं? मोठ्या घरांतून, मळ्यांवर, पहाटेच्या अंधारात हे काम गुलामीत डांबलेल्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीपुरुषांकडे असे. गव्हाच्या पांढऱ्या पिठाचं बिस्कीट मालकाच्या टेबलावर जाई, आणि ते बडवणाऱ्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा मक्याची भाकरीसारखी जाड पोळी येई. हलकेपणा तेव्हाही फुकट मिळत नव्हता. त्याची किंमत दुसऱ्याच्या दंडातून वसूल केली जात होती.

या दंडांना पर्याय आला तो राखेतून. लाकडाची राख पाण्यात भिजवून, ते पाणी गाळून आटवलं की क्षार उरतो. तो आणखी शुद्ध केला की पांढरी ‘पर्लॅश’ म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट मिळतं. अमेरिकेनं दिलेलं सगळ्यात पहिलं पेटंट याच धंद्यातलं आहे. 31 जुलै 1790 रोजी सॅम्युअल हॉपकिन्स यांना पोटॅश आणि पर्लॅश बनवण्याच्या सुधारित पद्धतीसाठी ते मिळालं आणि त्यावर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची सही आहे. काच आणि साबण करणाऱ्यांना हा क्षार हवा होताच, पण स्वयंपाकघरातल्या बायकांनी त्यातला आणखी एक गुण हेरला. आंबट काही मिसळलं की तो फसफसतो! 1796 साली छापलेल्या अमेलिया सिमन्स यांच्या ‘अमेरिकन कुकरी’ या पुस्तकात पिठात पर्लॅश घालायला सांगितलेली आहे. पर्लॅशचा दोष एकच. चरबीशी गाठ पडली की साबणाची चव मागे राहायची. 1846 च्या सुमारास ऑस्टिन चर्च आणि जॉन ड्वाइट यांनी न्यूयॉर्कमध्ये खायचा सोडा बनवून पुड्यांतून विकायला सुरुवात केली आणि हा दोष बराचसा मिटला.

सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. ताकातलं लॅक्टिक आम्ल त्याला भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. किती सुटतो याचा हिशेब मांडला तर थक्क व्हायला होतं. अर्धा चहाचा चमचा सोडा म्हणजे साधारण अडीच ग्रॅम. त्याची आम्लाशी पूर्ण क्रिया झाली तर अर्ध्या लिटरहून जास्त वायू तयार होतो. चिमटीतल्या पांढऱ्या भुकटीत एवढा वायू दडून बसलेला असतो आणि त्याला बाहेर काढायला ताकाचा आंबटपणा पुरतो. दक्षिणेतल्या घरांत लोणी काढल्यावर ताक उरतच असे, त्यामुळे ही जोडी जमली ती कायमची. सोडा जास्त झाला आणि आम्ल कमी पडलं तर मात्र बिस्किटावर पिवळसर छटा येते आणि जिभेवर खारट-कडवट चव राहते.

पण ताकाचा आंबटपणा रोज वेगळा. मोजून आम्ल देता येईल का, हा प्रश्न एबेन हॉर्सफर्ड यांनी उचलला. हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या या रसायनतज्ज्ञानं जर्मनीत युस्टुस फॉन लीबिग यांच्या हाताखाली शिक्षण घेतलेलं होतं. जनावरांची हाडं भाजून, त्यांच्यावर आम्लाची क्रिया करून हॉर्सफर्ड यांनी कॅल्शियमचं आम्लधर्मी फॉस्फेट तयार केलं आणि 1856 साली त्याचं पेटंट घेतलं. पुढे ही भुकटी, सोडा आणि ओल शोषून घेणारा कॉर्नस्टार्च एकाच डब्यात आले, तीच बेकिंग पावडर. डब्यात दोघं कोरडे असतात म्हणून गप्प असतात. पाणी लागलं की क्रिया सुरू. आजच्या अनेक पावडरींत उष्णता लागल्यावरच जागं होणारं दुसरं आम्लही असतं, म्हणून पीठ एकदा भिजवताना फुगतं आणि एकदा ओव्हनमध्ये. अर्ध्या तासाचे ठोके एका चमच्यात मावले.

वायू मिळाला, तरी तो कोंडून ठेवणारं पीठ कसं हवं? इथे भूगोल कामाला येतो. मैद्यात पाणी पडलं की त्यातल्या ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन या प्रथिनांचं जाळं बनतं, तेच ग्लुटेन. पावासाठी ते चिवट हवं असतं, कारण यीस्टचा वायू तासन् तास धरून ठेवायचा असतो. बिस्किटाचा वायू काही मिनिटांतच सुटतो, त्याला चिवट जाळं लागत नाही, उलट ते खाताना दाताला जाणवतं. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या कोरड्या मैदानांत वसंतात पेरला जाणारा कडक गहू होतो, त्यात प्रथिनं 12 ते 14 टक्के असतात. आग्नेयेकडच्या दमट, सौम्य हवेत शरदात पेरून उन्हाळ्याच्या सुरुवातीला कापायचा मऊ लाल गहू पिकतो, त्याच्या पिठात प्रथिनं 8 ते 10 टक्क्यांच्या आसपास. टेनेसीतल्या नॉक्सव्हिल इथे 1883 साली सुरू झालेल्या ‘व्हाइट लिली’ या पिठाचं नाव दक्षिणेत अजून आदरानं घेतलं जातं ते या मऊ गव्हामुळेच. दुसऱ्या प्रांतात गेलेल्या माणसाचं बिस्कीट आईच्या हातासारखं होत नाही, त्यामागे हात जितका असतो तितकाच गहू असतो.

पदर सुटतात ते मात्र वायूमुळे नव्हे. ते काम चरबीचं, आणि इथे मराठी स्वयंपाकघराला सगळं ओळखीचं वाटेल. शंकरपाळ्यांना आपण कडकडीत मोहन घालतो. गरम तूप किंवा तेल पिठाच्या कणाकणाला माखतं, पाण्याला प्रथिनांपर्यंत धड पोचू देत नाही, म्हणून शंकरपाळे खुसखुशीत होतात. चिरोट्यांत मात्र तुपाचा साटा दोन पोळ्यांच्या मध्ये वेगळा राहतो, म्हणून पदर सुटतात. बिस्किटात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधायच्या असतात, म्हणून चरबी अगदी थंड हवी. बोटांच्या टोकांनी ती मैद्यात चुरली की थोडी कणांना माखते आणि बाकीची वाटाण्याएवढ्या चपट्या तुकड्यांत तशीच राहते. ओव्हनमध्ये हे तुकडे वितळतात आणि त्यांच्या जागी पोकळी राहते. लोण्यात साधारण 16 टक्के पाणी असतं. त्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे 1,600 पट जागा लागते. तीच वाफ पदराला पदरापासून ढकलते. तुपात पाणी जवळजवळ नसतंच, म्हणून तूप घातलेलं बिस्कीट नानखटाईच्या अंगानं भुरभुरीत होतं, त्याला पदर सुटत नाहीत.

घरी करायचं तर 250 ग्रॅम मैद्यातले दोन मोठे चमचे काढून तेवढा कॉर्नफ्लोअर घाला. त्यानं प्रथिनांचं प्रमाण खाली येतं. त्यात तीन सपाट छोटे चमचे बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा सोडा आणि पाऊण छोटा चमचा मीठ घालून चाळा. फ्रीजमधून नुकतंच काढलेलं 85 ग्रॅम लोणी त्यात चुरा. विकतचं खारट लोणी असेल तर मीठ कमी. आपलं ताक पातळ असतं, म्हणून दह्यात थोडंच पाणी घालून दाट घुसळा आणि तसं 150 ते 180 मिलिलिटर थंड ताक ओता. मळायचं नाही. गोळा जेमतेम एकत्र आला की थांबायचं. हातानं थापून तीन-चार वेळा घडी घालायची, पाऊण इंच जाड ठेवायचं. धारदार वाटीनं किंवा कटरनं सरळ खाली दाबून कापायचं. कटर पिळला तर कडेचे पदर एकमेकांना चिकटून बंद होतात आणि बिस्कीट एका बाजूला झुकतं. चकत्या खेटून ठेवल्या की त्यांना पसरायला जागा नसते, त्या वर जातात. ओव्हन आधीच चांगला तापलेला हवा. तो कमी तापला असेल तर लोणी आधी वितळून पाझरतं आणि वाफ मागाहून होते. या सगळ्यात कौशल्य आहे ते वेळेवर हात थांबवण्याचं.

एकाच पदार्थाचे प्रांतागणिक किती अवतार! मेरीलँडमध्ये बडवलेलं बिस्कीट टिकून राहिलं. केंटकी आणि व्हर्जिनियात खारवून मुरवलेल्या हॅमचा पातळ काप बिस्किटात घालतात. अ‍ॅपलेशियन डोंगरांत सॉसेजच्या सुटलेल्या चरबीत मैदा परतून, दूध घालून केलेली दाट ग्रेव्ही वर ओततात. तिथे आणि ओझार्कच्या डोंगराळ भागात न्याहारीला कोको, साखर, दूध आणि मैद्याची गोड ग्रेव्हीही होते. टेनेसी-केंटकीत बिस्किटाबरोबर जी काकवी घेतात ती ज्वारीच्या कुळातल्या गोड ताटांचा रस आटवून केलेली असते. ज्वारीची भाकरी खाणाऱ्या मराठी माणसाला हे कळलं की त्या परक्या न्याहारीशी लगेच नातं जुळतं. टेक्सासमध्ये गुरांच्या तांड्याबरोबर निघालेले स्वयंपाकी आंबवणाचं मडकं गाडीत घेऊन फिरत आणि निखाऱ्यांवरच्या लोखंडी भांड्यात बिस्किटं भाजत. आणखी एका प्रकारात यीस्ट, सोडा आणि बेकिंग पावडर तिन्ही घालतात. तो इतका फुलतो की त्याचं नाव पडलं ‘एंजल बिस्किट’.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोलर गिरण्या आणि रेल्वे यांमुळे पांढरा मैदा स्वस्त झाला आणि रविवारचं बिस्कीट रोजचं झालं. त्याच काळात ज्यांनी हे ज्ञान हातात जपलं होतं त्यांची नावं कागदावर येऊ लागली. अलेक्झांडर अ‍ॅशबर्न या कृष्णवर्णीय संशोधकानं 1875 साली बिस्कीट कापायच्या साधनाचं पेटंट घेतलं. दक्षिण कॅरोलिनात गुलामीत जन्मलेल्या अ‍ॅबी फिशर यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी तोंडी सांगितलेल्या कृतींचं पुस्तक 1881 साली सॅन फ्रान्सिस्कोत निघालं आणि त्यात मेरीलँडचं बडवलेलं बिस्कीट आहे. एडना लुइस 1916 साली व्हर्जिनियातल्या फ्रीटाउनमध्ये जन्मल्या. ते गाव गुलामीतून सुटलेल्या माणसांनी वसवलं होतं आणि त्यांत त्यांचे आजोबा होते. त्या घरात बेकिंग पावडर नाण्यांवर रचून मोजत. पुढे लुइस क्रीम ऑफ टार्टर आणि सोडा मिसळून स्वतःची पावडर करत, कारण विकतच्या पावडरीची चव त्यांना जिभेवर जाणवायची. 1976 साली आलेल्या ‘द टेस्ट ऑफ कंट्री कुकिंग’मधून त्यांनी या स्वयंपाकाला अमेरिकाभर मान मिळवून दिला.

म्हणून घरी पहिला घाणा काढताना एक छोटा प्रयोग जरूर करा. अर्ध्या चकत्या सरळ कापा, अर्ध्या पिळून कापा, आणि ओव्हनच्या काचेतून दोन्हींची उंची पाहा. काही लोण्याच्या आणि काही तुपाच्या करून पदर मोजा. वायू, वाफ, चरबी आणि गहू यांचा प्रत्येकाचा वाटा वेगळा दिसेल. वितळणारं लोणी, आंबट ताक आणि मऊ पीठ एकत्र आणलं की पुढचं काम निसर्गाचे नियम करतात, पण ते कधी, किती आणि कोणत्या क्रमानं एकत्र आणायचं हे शोधून काढलं ते पहाटे उठणाऱ्या, बहुतेक अनाम राहिलेल्या बायकांनी. बिस्किटाला फुगवतं कोण, या प्रश्नाच्या उत्तरात सोड्याच्या आधी त्यांचं नाव यायला हवं.