रुग्णांची काळजी घेणाऱ्यांची काळजी कोण घेणार?

नवीन पनवेलला लागून असलेल्या आमच्या सुकापुरात गेल्या काही वर्षांत इमारती वाढल्या आणि दवाखान्यात काम करणारी घरेही वाढली. कुणाची मुलगी नर्सिंगला आहे, कुणाचा भाऊ लॅब टेक्निशियन आहे, कुणाची सून डॉक्टरकीचे पुढचे शिक्षण घेते आहे. काहीजण कामोठे, कळंबोली, नेरूळच्या रुग्णालयांत जातात, तर काही पनवेल स्टेशनवरून हार्बरची लोकल धरून मुंबई गाठतात. लोक सकाळी कामाला निघतात तेव्हा ही मंडळी रात्रपाळी संपवून घरी येत असतात.

अशा मुला-मुलींचा आपल्याला फार अभिमान वाटतो. नातेवाइकांत त्यांचे नाव निघते, घरात कुणी आजारी पडले की पहिला फोन त्यांनाच जातो. आपण त्यांना औषधे विचारतो, पगार विचारतो, लग्नाचे कधी म्हणून विचारतो. पण काल रात्री वॉर्डात काय झाले, त्याचा मनावर काय परिणाम झाला, हे फार थोड्या घरांत विचारले जाते. मूल स्वतःहून बोललेच, तर “एवढ्यात थकलीस? सबर कर, दिवस निघून जातील” असे म्हणून आपण विषय संपवतो.

हे दिवस किती कठीण असतात, याचा अंदाज राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृती गटाच्या 2024 च्या अहवालावरून येतो. त्यासाठी केलेल्या ऑनलाइन पाहणीत 25,590 पदवी विद्यार्थी आणि 5,337 पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी 27.8 टक्के जणांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे सांगितले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे 31 टक्के जणांनी आत्महत्येचा विचार मनात येऊन गेल्याचे नोंदवले. ही स्वेच्छेने दिलेली उत्तरे आहेत, त्यामुळे प्रत्येक कॉलेजची स्थिती अशीच असेल असे नाही. तरी इतकी मुले हे लिहून देतात, तेव्हा त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

आपल्या समाजाला डॉ. पायल तडवी यांचे नाव विसरता येणार नाही. जळगावच्या तडवी भिल्ल मुस्लिम कुटुंबातली ही मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग शास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. 22 मे 2019 रोजी तिने जीवन संपवले. जातीवरून छळ केल्याच्या आरोपावरून तीन वरिष्ठ निवासी डॉक्टरांना अटक झाली. दोष कुणाचा हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. तिची आई आबेदा तडवी यांनी राधिका वेमुला यांच्यासोबत त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. कॉलेजांत जातिभेद रोखणारी व्यवस्था प्रत्यक्षात राबवली जावी, ही त्यांची मागणी. स्वतःची लेक गेल्यावर एक आई दुसऱ्यांच्या मुलांसाठी न्यायालयात उभी राहिली.

अशा मुलांसाठी जगभर एक साधा उपाय वापरला जातो. त्याला ‘पीअर सपोर्ट’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर सोबत्याने सोबत्याला दिलेला आधार. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सचे डॉ. अल्बर्ट वू यांनी 2000 साली लिहिले की उपचारात चूक झाली की पहिला बळी रुग्ण असतो, पण त्या प्रसंगात सापडलेला डॉक्टरही दुसरा बळी ठरतो. तो झोपू शकत नाही, स्वतःला दोष देत राहतो आणि पुढच्या रुग्णाला हात लावताना घाबरतो. हीच गोष्ट नर्सचीही होते. मिसुरी विद्यापीठाच्या रुग्णालयाने 2009 मध्ये यासाठी तीन पायऱ्यांची व्यवस्था सुरू केली. पहिली पायरी म्हणजे त्याच विभागातला सहकारी, जो जवळ येऊन “तू ठीक आहेस ना?” एवढे विचारतो. दुसरी पायरी म्हणजे प्रशिक्षण घेतलेले सोबती, जे निवांत बसून ऐकतात. त्यानेही भागले नाही तर तिसरी पायरी, म्हणजे मानसतज्ज्ञ किंवा समुपदेशक.

सोबतीच का, हा प्रश्न पडू शकतो. कारण हाताखालचे मूल दगावले की परिचारिकेला काय वाटते, हे दुसऱ्या परिचारिकेला समजावून सांगावे लागत नाही. शिवाय मानसोपचाराकडे गेलो तर कॉलेजात कळेल, ‘वेडी’ म्हणतील, स्थळे येणार नाहीत, ही भीती असते. सोबत्याशी दोन शब्द बोलायला तेवढी भीती वाटत नाही.

हे फक्त मोठ्या रुग्णालयांनाच जमते असे नाही. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ हा उपक्रम राबवला. तेथे गावातल्याच माणसांना ऐकून घेण्याचे, धीर देण्याचे आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडे पोहोचवण्याचे शिक्षण दिले गेले. आदिवासी पाड्यांत जे होऊ शकते, ते पनवेलच्या सोसायट्यांत होऊ शकणार नाही असे नाही.

सुरुवात अशी करता येईल. आपल्या परिसरात दवाखान्यात काम करणारे, शिकणारे चार-सहा जण असतीलच. मुलींनी मुलींसोबत, मुलांनी मुलांसोबत महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी तासभर बसावे. ड्युटी बदलत राहते, म्हणून वेळ सगळ्यांच्या सोयीने ठरवावी. रमजानमध्ये रोजा ठेवून लांब ड्युटी करणाऱ्यांना तर ही सोबत फारच मोलाची, मग भले ती इफ्तारनंतर फोनवरच का असेना. नियम दोनच. इथे ऐकलेले बाहेर जाणार नाही, कारण ती अमानत आहे. आणि रुग्णाचे नाव, ओळख बैठकीत आणायची नाही, कारण तीही अमानतच आहे. बोलणाऱ्याला मध्येच तोडून उपदेश करू नये. “मग पुढे काय झाले?” एवढे विचारले तरी पुष्कळ.

घरच्यांचाही यात वाटा आहे. रात्रपाळीहून आलेल्या सुनेला सकाळी पाहुण्यांच्या चहा-नाश्त्यासाठी उठवू नये. लेक वीकली ऑफला घरी आली तर तिला आधी झोपू द्यावे. “हे शिक्षण आता नको वाटते” असे मूल म्हणाले, तर भरलेल्या फीचा हिशेब काढण्याआधी काय झाले ते ऐकून घ्यावे.

मात्र या सोबतीकडून न होण्यासारख्या गोष्टींची अपेक्षा करू नये. कुणी छळत असेल, जात किंवा धर्म काढून बोलत असेल, तर धीर देऊन भागणार नाही, लेखी तक्रार करावी लागेल. तक्रारीची प्रत आणि पोच जपून ठेवावी. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-180-5522 आहे. कामाचे तास अमानुष असतील, तर तेही चहापानाने कमी होणार नाहीत. वर सांगितलेल्या कृती गटाने निवासी डॉक्टरांना आठवड्याला 74 तासांपेक्षा जास्त काम नको, आठवड्याची एक सुट्टी हवी आणि रोज सात-आठ तास झोप मिळावी, अशी शिफारस केली आहे. शिफारस कागदावर राहू नये म्हणून पालकांनी आणि डॉक्टरांच्या संघटनांनी आवाज उठवायला हवा.

आणि मूल जेवणे-झोपणे सोडत असेल, सगळ्यांशी बोलणे तोडत असेल, “मी नसते तर बरे झाले असते” असे म्हणत असेल, तर पुढच्या बैठकीची वाट पाहू नये. त्याला एकटे सोडू नये आणि लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. त्यामुळे लोक काय म्हणतील या भीतीने उपचार लांबवण्याचे कारण नाही.

हे दोन्ही क्रमांक आजच घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये जतन करा. आणि घरात, शेजारी कुणी दवाखान्यात काम करत असेल, तर आपले दुखणे सांगण्याआधी एकदा त्याची खुशाली विचारा.