भिंतीवरची बुरशी आणि दोष कोणाचा?

आजचा विषय भाड्याच्या घरातली बुरशी. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं बुरशीवर काय बोलावं, असं तुम्हाला वाटेल. पण या भांडणाच्या मुळाशी जुनाच प्रश्न आहे : कारण कशाला म्हणायचं?

आपल्या मोताळ्यात पावसाळा सरत आला की कपाटामागे काळे ठिपके दिसतात, गिलाव्याचे पोपडे सुटतात, अंथरुणाला कुबट वास येतो. भाडेकरू म्हणतो, "तुमचं घर गळतं." घरमालक म्हणतो, "तुम्ही घरात कपडे वाळवता." दोघंही कारण सांगतात, भिंत मात्र कोणीच नीट पाहत नाही.

न्यायदर्शनातलं प्रसिद्ध अनुमान तुम्हाला माहीत आहे : डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे अग्नी आहे. तसंच बुरशी दिसली, म्हणजे ओल आहे. पण ही ओल कुठली, हे तेवढ्यावरून कळत नाही. त्यासाठी डागाची जागा पाहायची. डाग छताजवळ असेल आणि पावसाबरोबर वाढत असेल, तर गच्ची किंवा पत्रा गळतोय. जमिनीपासून वर ओल चढली असेल, पांढरा खार सुटत असेल, तर पाणी पायातून येतंय. फक्त कोपऱ्यात, कपाटामागे ठिपके असतील, तर बहुधा खोलीतली वाफ गार भिंतीवर जमतेय. शंका असेल तर भिंत पुसून घ्या, वीतभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावा, दोन दिवसांनी पाहा. भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला असेल तर हवेतली.

पहिली दोन कारणं बांधकामाची. तिसऱ्यात भाडेकरूचा वाटा असू शकतो. पण ज्या खोलीला धड खिडकीच नाही, तिथे वारा येऊ द्या असं सांगून काय उपयोग?

चुकीच्या माणसावर कारण ढकललं की काय होतं, ते पाहा. इंग्लंडमधल्या रॉचडेल इथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला. घरातल्या बुरशीमुळे झालेल्या श्वसनविकारानं तो गेला, असं २०२२ मधल्या चौकशीत ठरलं. आईवडील तक्रार करत होते. तुमच्या राहणीमुळे होतं, असं त्यांना सांगितलं जात होतं.

आता आपला कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम १४ म्हणतं : उलट करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरूनं ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करावा. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. मात्र हा कायदा त्याच्या अनुसूचीतल्या गावांनाच लागू होतो, तेव्हा आपलं गाव त्यात आहे का, हे वकिलाला आधी विचारा. इतरत्र मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १०८ आहे. तिथेही नोटीस देऊन दुरुस्तीचा खर्च वळता करता येतो. पण ती दुरुस्ती मालकावर बंधनकारक असली पाहिजे. आणि ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असेल, तर कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरूच नाही. बरंचसं करारात काय लिहिलंय त्यावर ठरतं. म्हणून गळती आणि ओल कोणी दुरुस्त करायची, हे सही करण्यापूर्वीच लिहून घ्या.

राहायला जाताना भिंतींचे फोटो काढा. तक्रार लेखी करा, पोच ठेवा. रागानं भाडं थांबवू नका. मग मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि थकबाकीदार तुम्ही ठरता.

लोक मला म्हणतात, "सर, बोललो तर घर खाली करा म्हणतील." ही भीती खरी आहे, ती कायद्यानं पूर्ण जात नाही. म्हणून सुरुवात नोटिशीनं करू नका. गवंड्याला बोलवा, मालकालाही बोलवा, आणि तिघं मिळून ती भिंत पाहा. ओल मालकाचंही घर खातेच. स्लॅबमधली सळई गंजते, तेव्हा खर्च त्यालाच येतो. एवढं दाखवूनही तो ऐकला नाही, तर मग नोटीस. तोवर दोष कोणाचा, हे तुमच्याकडे कागदावर असेल.